वाऱ्याच्या मुलखातला टपालवाला

आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांत ‘रिग’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले, पुढे बॉम्बे हाय आले, आणि कितीतरी घरांतून कुणी ना कुणी ड्रिलिंगच्या कामावर गेला. चौदा दिवस रिगवर आणि चौदा दिवस घरी, हा संसार आपल्या अनेक वहिनींनी वर्षानुवर्षे सांभाळला. गणपतीत नेमकी ड्यूटी आली, की आरतीला घरातला एक आवाज कमी. ज्या काळी मोबाइल नव्हते, त्या काळी घरून येणाऱ्या चार ओळींची किंमत काय असते, हे या मंडळींना विचारावे.

म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी एक वेगळे चरित्र निवडले आहे. हा माणूस आपल्या देशातला नाही. पण जगाच्या दक्षिण टोकाशी, तेलविहिरींच्या आणि सोसाट्याच्या वाऱ्याच्या मुलखात, माणसांची पत्रे विमानाने पोचवण्याचे काम त्यांनी केले. जग त्यांना ओळखते ते लेखक म्हणून. ‘द लिटल प्रिन्स’ हे त्यांचे छोटेसे पुस्तक आपल्या नातवंडांपैकी पुष्कळांनी वाचलेले असेल. त्यांचे नाव आंत्वान द सेंतेक्झुपेरी. नाव जिभेला जड आहे, म्हणून इथे आपण त्यांना आंत्वान असेच म्हणू.

हरलेला तरुण

आंत्वान यांचा जन्म २९ जून १९०० रोजी फ्रान्समधल्या ल्यों शहरात झाला. घराणे मोठे, सरदारी. पण पैसा मात्र फारसा उरलेला नव्हता. पाच भावंडांत त्यांचा क्रमांक तिसरा. चार वर्षांचे होण्याआधीच वडील गेले आणि आईने नातेवाइकांच्या आधाराने पाच मुलांना वाढवले. या आईला मुलाने जन्मभर पत्रे लिहिली. बारा वर्षांचे असताना जवळच्या विमानतळावर रोज सायकलने जाऊन एका वैमानिकाच्या मागे लागून त्यांनी पहिली फेरी मारली. सतरा वर्षांचे असताना पाठचा धाकटा भाऊ आजारपणात डोळ्यांदेखत गेला. तो घाव कधी भरला नाही.

पुढची काही वर्षे अपयशाचीच होती. नौदलाच्या विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत ते नापास झाले. लष्करी सेवेत असताना विमान चालवायला शिकले. पण १९२३ मध्ये पॅरिसजवळ विमान कोसळून डोक्याला जबर मार लागला. ज्या मुलीशी वाङ्‌निश्चय झाला होता, तिच्या घरच्यांना वैमानिक जावई नको होता. तिच्यासाठी त्यांनी उडणे सोडले आणि कचेरीत नोकरी धरली. तरीही लग्न मोडले. मग ट्रक विकण्याची फिरती नोकरी. तिथे इतक्या दिवसांत त्यांच्या हातून एकच ट्रक विकला गेला, असे सांगतात. सव्विसाव्या वर्षी या तरुणाकडे पाहून याचे पुढे काही होईल, असे कुणी म्हटले नसते.

१९२६ मध्ये तुलूझ शहरातल्या लातेकोएर कंपनीत त्यांना काम मिळाले. ही कंपनी विमानाने टपाल नेत असे: फ्रान्सहून स्पेनवरून आफ्रिकेच्या किनाऱ्याने थेट डाकारपर्यंत. तिथले व्यवस्थापक दिदिए दोरा मोठे करडे गृहस्थ. त्यांनी या सरदारपुत्राला आधी निळा डगला चढवायला लावून मेकॅनिकांबरोबर इंजिने खोलायला बसवले. हात काळे झाल्याशिवाय विमान मिळणार नाही, हा तिथला नियम. दोरासाहेबांचा दुसरा नियम असा, की टपाल वेळेवर निघाले पाहिजे. धुके असो, पाऊस असो, सबब चालणार नाही. आंत्वान यांना ही शिस्त जाचली नाही, उलट आयुष्यात पहिल्यांदाच पायाखाली जमीन सापडल्यासारखे झाले.

१९२७ मध्ये त्यांना सहारा वाळवंटाच्या किनाऱ्यावर केप जुबी या ठाण्याचे प्रमुख नेमले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू, जवळ स्पॅनिश सैनिकांचा एक किल्ला, आणि राहायला लाकडी खोपटे. वाळवंटात विमान उतरवावे लागले, तर तिथल्या टोळ्या वैमानिकाला पकडून खंडणी मागत. आंत्वान टोळीप्रमुखांकडे चहाला जात, त्यांची भाषा थोडीथोडी शिकत, आणि वेळ आली की अडकलेल्या सहकाऱ्यांना सोडवायला धावत. तिथेच त्यांनी पहिली कादंबरी लिहिली. पुढे या कामगिरीबद्दल फ्रान्स सरकारने त्यांचा मानाच्या पदकाने गौरव केला.

तेल, पाणी आणि पत्रे

ऑक्टोबर १९२९ मध्ये कंपनीने त्यांना अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयर्स इथे पाठवले. फ्रेंच कंपनीच्या तिथल्या शाखेचे, एरोपोस्ता आर्जेंतिनाचे, ते कामकाज-प्रमुख झाले. मुख्य जबाबदारी होती दक्षिणेकडची नवी टपालवाट उघडण्याची. त्या प्रदेशाचे नाव पॅटागोनिया.

हा मुलूख समजून घ्यायला आपला सह्याद्री उपयोगी पडतो. पश्चिमेचे ढग घाटावर अडतात, आंबोलीला धो धो पाऊस आणि पलीकडे अथणीकडे कोरडे रान, हे आपण जाणतो. तिथे सह्याद्रीच्या जागी अँडीज पर्वत आहे. पॅसिफिकवरचा पश्चिमेचा वारा चिलीच्या बाजूला पाऊस टाकून रिकामा होतो आणि कोरडा होऊन अर्जेंटिनाच्या पठारावर कोसळतो. शिवाय पृथ्वीच्या त्या पट्ट्यात जमीन फार थोडी, सगळा समुद्रच. त्यामुळे वाऱ्याला वाटेत अडवणारे काही नाही. झाड नाही, डोंगराचा आडोसा नाही. खुरटी काटेरी झुडपे, मेंढ्या, आणि दोन गावांमध्ये शेकडो किलोमीटरचे रिकामे अंतर.

या किनाऱ्यावर १९०१ मध्ये कोमोदोरो रिवादाविया नावाचे एक छोटे बंदर वसले. पिण्याच्या पाण्याचे तिथे हाल होते. म्हणून सरकारने खोल बोअर घेण्यासाठी यंत्र आणि माणसे पाठवली. शेकडो मीटर खाली गेले तरी पाणी लागेना. अखेर १३ डिसेंबर १९०७ रोजी, सुमारे ५४० मीटर खोलीवर, वर आले ते पाणी नव्हते, तेल होते. पाणी मागितले आणि तेल मिळाले! अर्जेंटिनात आजही १३ डिसेंबर हा तेलाचा दिवस म्हणून पाळतात. तहानलेले गाव मात्र पुढेही तहानलेलेच राहिले.

तेल आणि विमान यांची तिथे आधीच गाठ पडलेली होती. १९२२ मध्ये लष्करी विमानदलाचे प्रमुख असलेले कर्नल एनरिके मोस्कोनी यांनी विमानांसाठी पेट्रोल मागवले. पुरवठा करणाऱ्या परदेशी कंपनीने आधी रोख पैसे मोजा, मगच माल, असे सांगितले. आपल्याच देशाच्या सैन्याची विमाने परक्याच्या मर्जीवर उडावीत, हे मोस्कोनींना फार लागले. त्याच वर्षी सरकारने वाय.पी.एफ. ही राष्ट्रीय तेल कंपनी काढली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. पुढची आठ वर्षे त्यांनी ती खपून उभी केली. कोमोदोरोच्या आसपास ड्रिलिंगचे मनोरे उभे राहिले आणि देशोदेशींची माणसे कामाला आली. दक्षिण आफ्रिकेतून आलेले बोअर शेतकरी त्या भागात आधीपासून होते. त्यांत युरोपातले आणि शेजारच्या चिलीतले कामगार मिसळले.

या सगळ्यांचे घर दूर होते. राजधानीपासून कोमोदोरोपर्यंत सलग रेल्वे नव्हती. रस्ते म्हणजे चाकोऱ्या. बोटीने यायचे तर बरेच दिवस जात, आणि वारा असला की बोटीतून उतरणेही कठीण. मनोऱ्यावर काम करणाऱ्या माणसाची आई आजारी पडली, तर ती बरी झाल्यावर किंवा गेल्यावर त्याला पत्र मिळायचे. १ नोव्हेंबर १९२९ रोजी बाइया ब्लांकाहून ट्रेल्यूमार्गे कोमोदोरोपर्यंत विमानाची टपालवाट सुरू झाली, तेव्हा या माणसांच्या दृष्टीने काय बदलले असेल, ते आपल्याला कळू शकते. पुढच्या वर्षी ही वाट आणखी दक्षिणेला रिओ गायेगोसपर्यंत, मॅजेलनच्या सामुद्रधुनीजवळ पोचली.

प्रमुख असूनही आंत्वान नुसते कचेरीत बसत नसत. नवे उतरण्याचे मैदान शोधणे, पेट्रोलचा साठा करून ठेवणे, ठाण्यांची तपासणी करणे, कुणी आजारी असेल तर स्वतः टपाल नेणे, हे सगळे चाले. अर्जेंटिनाचे वैमानिक या मार्गावर त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. राजधानीतले भपकेबाज जीवन त्यांना रुचले नाही. दक्षिणेला निघाले की त्यांना मोकळे वाटे.

वाऱ्याशी गाठ

त्या काळची ही विमाने एका इंजिनाची, ताशी दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर वेगाने जाणारी. समोरून तितकाच वारा आला, तर विमान हवेत असूनही जमिनीवरच्या हिशेबाने जागच्या जागी! कोमोदोरोत वारा जोराचा असला की उतरणे ही एकट्या वैमानिकाची गोष्ट राहत नसे. जमिनीवर सैनिकांची तुकडी सज्ज असे. विमान वाऱ्याकडे तोंड करून, इंजिन चालू ठेवूनच खाली येई आणि सैनिक धावत जाऊन ते पकडून ठेवत. चाके टेकली तरी वारा पुन्हा उचलून उलटे टाकील, ही भीती.

एकदा ट्रेल्यूहून कोमोदोरोला येताना आंत्वान अशाच वादळात सापडले. आकाश निळे स्वच्छ होते, ढगाचा पत्ता नव्हता. जमिनीवर मात्र धुळीचे पट्टे सरपटत होते. कोमोदोरोच्या अलीकडे वाऱ्याने विमान असे धरले, की पुढे जाणे थांबले आणि ते जमिनीवरून समुद्रावर लोटले गेले. धक्क्यांनी इंजिन थांबते की काय, अशी अवस्था. सुकाणू धरलेले हात इतके बधिर झाले, की ते मिटलेले आहेत की उघडले हेही कळेना. तेव्हा हातांनी पकड सोडू नये म्हणून तेच ते वाक्य ते मनात घोकत राहिले. खाली लाटा, आणि किनारा दिसतो आहे पण जवळ येत नाही. थोडेसे अंतर कापायला तासाहून अधिक वेळ गेला. शेवटी उतरले, तेव्हा सैनिकांनी विमान ओढून आत नेले.

हा अनुभव त्यांनी जवळजवळ दहा वर्षे लिहिला नाही. १९३९ मध्ये लिहिला, तेव्हाही त्यात शौर्याची बढाई नाही. त्यांनी आठवण काढली ती जोसेफ कॉनरॅड या दर्यावर्दी लेखकाची. कॉनरॅड यांनी समुद्रावरच्या तुफानाची गोष्ट लिहिताना लाटांचे वर्णन फारसे केले नाही. तळघरातल्या मजुरांची हालत दाखवली. आंत्वान यांचे म्हणणेही तेच. वादळात असताना भीतीला जागा नसते, कारण हातांना काम असते. सांगण्यासारखे असते ते वाऱ्यापलीकडचे, माणसांमधले.

बर्फातून आलेला मित्र

हे माणसांमधले काय असते, ते त्यांना १९३० च्या जूनमध्ये दिसले. त्यांचे जिवलग मित्र आन्री गियोमे चिलीचे टपाल घेऊन अँडीज ओलांडत. १३ जूनला, ऐन हिवाळ्यात, हिमवादळाने त्यांचे विमान एका उंचावरच्या तळ्याकाठी उतरायला लावले आणि ते उलटले. बर्फात खड्डा करून, टपालाच्या थैल्यांच्या आडोशाने त्यांनी दोन रात्री काढल्या. मग ते चालू लागले.

आंत्वान आणि आणखी एक वैमानिक पाच दिवस पर्वतावर घिरट्या घालत शोध घेत होते. एवढ्या अफाट पर्वतात एक माणूस म्हणजे ठिपकासुद्धा नाही. हिवाळ्यात तिथून कुणी जिवंत येत नाही, असे डोंगरातले लोक सांगत होते. पण सातव्या दिवशी निरोप आला, गियोमे जिवंत आहेत. अन्न नाही, दोर नाही, पाय सुजलेले म्हणून बूट फाडून मोठे केलेले, अशा अवस्थेत ते पाच दिवस आणि चार रात्री चालले होते.

एका क्षणी त्यांनी बर्फात अंग टाकून दिले होते. झोप येत होती, आणि त्या थंडीत झोप म्हणजे मरण. मग त्यांच्या मनात बायकोचा विचार आला. त्यांचा विमा उतरवलेला होता. पण मृतदेह सापडला नाही तर कायद्याने चार वर्षे मरण मान्य होत नसे, आणि तोवर तिला पैसे मिळाले नसते. पुढे एक खडक दिसत होता. तिथवर गेले तर उन्हाळ्यात प्रेत सापडेल, एवढ्याच हिशेबाने ते उठले. एकदा उठले ते चालतच राहिले. बायको आणि मित्र आपण चालतो आहोत असे धरून बसले असतील, मग आपण थांबायचे कसे, एवढेच त्यांच्या डोक्यात होते.

आंत्वान यांनी पुढे लिहिले, की गियोमे यांचे मोठेपण धाडसात नाही. मरणाला न घाबरणारे पुष्कळ असतात. गियोमे यांनी स्वतःला जबाबदार मानले: टपालाबद्दल, सोबत्यांबद्दल, वाट पाहणाऱ्यांबद्दल. धाडसापेक्षा ही जबाबदारी त्यांना मोठी वाटली.

एका पत्राची किंमत

पण याच कामात एक टोचणारा प्रश्न होता आणि आंत्वान यांनी तो टाळला नाही. टपालवाटेवर वैमानिक मरत होते. रेल्वे रात्रीही धावते. विमान रात्री थांबले तर दिवसा कमावलेला वेळ वाया जातो, म्हणून रात्रीचे उड्डाण सुरू झाले. दिवे नाहीत, हवामानाची धड खबर नाही. दोन दिवस लवकर पोचणाऱ्या पत्रासाठी तरुण माणसाचा जीव पणाला लावावा का?

हा प्रश्न घेऊन त्यांनी ब्युनॉस आयर्समध्ये दुसरी कादंबरी लिहिली. इंग्रजीत ती ‘नाइट फ्लाइट’ म्हणून ओळखली जाते. पॅटागोनियाचे टपाल घेऊन राजधानीकडे निघालेला एक वैमानिक वादळात हरवतो. त्याची नवी नवरी कचेरीत येऊन उभी राहते. आणि करडा व्यवस्थापक, जो आतून हादरला आहे, पुढचे विमान वेळेवर सोडायचा हुकूम देतो. व्यवस्थापक बरोबर की बायको बरोबर? आंत्वान निकाल देत नाहीत. दोघांचेही खरे आहे, आणि म्हणूनच ते जड आहे. १९३१ च्या अखेरीस या पुस्तकाला फ्रान्सचा मोठा पुरस्कार मिळाला.

त्याच सुमारास सगळे विस्कटले. सप्टेंबर १९३० मध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली आणि मोस्कोनींना तेल कंपनी सोडावी लागली. १९३१ मध्ये फ्रेंच टपाल कंपनीचे दिवाळे वाजले. दोरासाहेबांनाही जावे लागले. आंत्वान यांनी ब्युनॉस आयर्समध्ये भेटलेल्या कोन्सुएलो या एल साल्वादोरच्या तरुणीशी फ्रान्सला परतून लग्न केले. संसार प्रेमाचा होता आणि वादळीही. पण सर्वात खोल जखम सोबत्यांकडून झाली. याने आमच्या कामावर पुस्तक लिहून स्वतःचे नाव केले, असे काही वैमानिक म्हणू लागले. ज्या माणसाने सोबत्यांनाच घर मानले, त्याला हे किती लागले असेल!

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९३५ च्या अखेरीस पॅरिस ते सायगाव विमान नेताना ते लिबियाच्या वाळवंटात कोसळले आणि तहानेने मरायला टेकलेले असताना एका बदाऊनी उंटस्वाराने त्यांना वाचवले. १९३९ मध्ये टपालवाटेच्या आठवणींचे पुस्तक निघाले, ते त्यांनी गियोमे यांना अर्पण केले. पुढच्याच वर्षी युद्धात गियोमे यांचे विमान भूमध्य समुद्रावर पाडले गेले. परागंदा होऊन न्यूयॉर्कला असताना आंत्वान यांनी ‘द लिटल प्रिन्स’ लिहिले आणि ते १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला छोटा राजकुमार आपल्या एका गुलाबाची जबाबदारी घेतो. ती जबाबदारी कुठून आली, हे आता आपल्याला सांगायला नको.

वय झाले होते, जुन्या मोडलेल्या हाडांमुळे उड्डाणाचा पोशाख चढवायलाही दुसऱ्याची मदत लागे. तरी हट्टाने ते युद्धात परतले. ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिका बेटावरून टेहळणीसाठी त्यांनी उड्डाण केले आणि ते परतले नाहीत. १९९८ मध्ये मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्यांचे नाव कोरलेले हातातले कडे आले. त्यानंतर समुद्रतळाशी विमानाचे अवशेष मिळाले आणि २००४ मध्ये ते त्यांचेच असल्याची खात्री झाली. घरी पोचायला साठ वर्षे लागलेले ते एक पत्रच म्हणायचे.

आपल्याकडेही हा इतिहास फार लांबचा नाही. आंत्वान पॅटागोनिया सोडून आल्याला दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन आपल्या शेजारच्या अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते, आणि ते भरून विमान मुंबईला गेले. कोकणातून, देशावरून आलेल्या आपल्या वाडवडिलांनी बडोद्यात बसून गावाकडच्या पत्राची किती वाट पाहिली असेल!

पॅटागोनियाच्या दक्षिणेला, जिथे वारा सर्वात जोराचा, तिथे फिट्झरॉय या शिखराच्या रांगेत तीन सुळके आहेत. एकाचे नाव मेरमोझ, हे त्याच टपालवाटेवरचे वैमानिक. दुसऱ्याचे गियोमे. तिसऱ्याचे सेंतेक्झुपेरी. तिघांनाही समुद्राने नेले, पण वाऱ्याच्या त्या मुलखाने त्यांना एका रांगेत उभे करून ठेवले आहे.

यंदाही गणपतीच्या दिवसांत आपल्यातला कुणीतरी रिगवर असेल, कुणी सीमेवर, कुणी सातासमुद्रापार. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की त्याला आठवणीने फोन करावा.